वाचक विचारतात : कॉफीच्या कॉकटेलमधलं क्रीम फाटतं कशानं?

मागच्या अंकात मी एक ओळ लिहिली होती : व्होडका, कॉफी लिकर (कॉफीच्या चवीची गोड दारू) आणि क्रीम घरात असेल तर व्हाइट रशियन हे थंड, दाट, कॉफीच्या चवीचं कॉकटेल घरीही छान होतं. त्या एका ओळीवर बरीच पत्रं आली. कुणाचं क्रीम फाटलं, कुणाचं बुडालं, कुणाला लिकरच घरी करायचं आहे. म्हणून हा सगळा अंक त्याच पेयाला दिला आहे.

एकोणीस वर्षं मी एका हॉटेलच्या बार काउंटरमागे उभी होते. हे पेय मी किती वेळा केलं असेल त्याचा हिशोब नाही, पण एक गोष्ट पक्की शिकले. याला दारूचं पेय समजून हात घातला की ते बिघडतं, दुधाचं पेय समजून हात घातला की जमतं. व्होडका रुसत नाही, साखर रुसत नाही. रुसतं ते क्रीम. त्यामुळे खालच्या बहुतेक उत्तरांत मी दारूपेक्षा दुधाबद्दलच जास्त बोलणार आहे.

आधी माझं माप सांगून ठेवते, म्हणजे पुढचं बोलणं त्याला धरून होईल. व्होडका ४० मिली, कॉफी लिकर ३० मिली, क्रीम ३० मिली, आणि बर्फाचे मोठे खडे. जाड बुडाच्या ग्लासात आधी बर्फ, मग व्होडका, मग लिकर. लांब चमच्यानं दहा-बारा वेळा हलकेच फिरवायचं आणि सगळ्यात शेवटी वरून क्रीम सोडायचं. एवढंच.

ताई, मी ताजी गरम कॉफी केली, त्यात साखर आणि व्होडका घातली आणि वर पाकिटातलं क्रीम ओतलं. मिनिटभरात वर पांढरे कण तरंगायला लागले. पुन्हा केलं, पुन्हा तेच. क्रीम तर ताजं होतं. चुकतंय कुठे?

तुम्ही सगळं सविस्तर लिहिलंत, अगदी पाकिटावरचा फॅटचा आकडासुद्धा (२० टक्के), त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. तुमच्या ग्लासात क्रीमचे चारही वैरी एकाच वेळी हजर होते.

दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याचे बारीक बारीक गोळे दुधात तरंगत असतात. प्रत्येक गोळ्याला बाहेरून मऊ केसांसारखं आवरण असतं आणि त्या केसांमुळे ते एकमेकांना चिकटत नाहीत. आम्ल आलं की हे आवरण ढिलं पडतं. दारू आली की ते केस आडवे होतात. उष्णता आली की ही दोन्ही कामं झपाट्यानं होतात. आवरण गेलं की गोळे एकमेकांना बिलगतात आणि आपल्याला पांढरे कण दिसतात. दूध नासतं तेव्हा जे होतं तेच हे, फक्त इथे जिवाणूंची वाट बघावी लागत नाही.

कॉफीचा सामू (pH, म्हणजे आंबटपणाचं माप : आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण ५ च्या आसपास असतो. केसीन पूर्ण साकळतं ४.६ ला. म्हणजे कॉफी स्वतःच त्या काठाशी उभी असते. त्यात तुम्ही ती गरम वापरलीत, वर व्होडका घातलीत आणि क्रीम घेतलंत कमी फॅटचं. हा चौथा मुद्दा लोकांना उलटा वाटतो. त्यांना वाटतं, जास्त फॅटचं क्रीम जड, म्हणून तेच फाटेल. तसं होत नाही. फॅट फाटत नाही, प्रथिन फाटतं. क्रीममध्ये फॅट जितकं जास्त, तितका प्रथिनाचा वाटा कमी, आणि उरलेल्या प्रथिनाला फॅटचं पांघरूणही मिळतं. म्हणून ३५ टक्क्यांच्या पुढचं क्रीम दारू आणि कॉफी दोन्ही सोसतं. २० टक्क्यांचं कधी सोसतं, कधी नाही. साधं दूध तर सगळ्यात आधी दगा देतं.

माझ्या पहिल्या वर्षातली एक संध्याकाळ मला अजून डोळ्यांपुढे दिसते. एका टेबलाची आठ पेल्यांची ऑर्डर होती. क्रीमचं भांडं कॉफीच्या यंत्राशेजारी तासभर उघडं राहिलं होतं, माझ्याच हातून. मी ते तसंच ओतलं आणि आठच्या आठ पेले फाटले. आमचे वरिष्ठ बारमध्ये येण्याआधी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करायचे. ते रागावले नाहीत. त्यांनी मला मागे नेलं, एका छोट्या काचेच्या पेल्यात चमचाभर ते क्रीम घेतलं, तेवढीच व्होडका घातली, हलवलं आणि पेला उजेडाकडे धरला. काचेवर रवाळ थर दिसला. मग फ्रिजमधलं न उघडलेलं क्रीम घेऊन तेच केलं. काच गुळगुळीत राहिली.

ते म्हणाले, डेअरीत आम्ही रोज हेच करतो. दूध आणि ६८ टक्क्यांचं अल्कोहोल समसमान घ्यायचं, नळीत हलवायचं. कण दिसले तर ते दूध पुढच्या प्रक्रियेला घ्यायचं नाही. नाकाला आंबट वास येण्याआधी, जिभेला कळण्याआधी अल्कोहोलला कळतं की दुधात आम्ल वाढायला लागलंय.

तेव्हापासून मी क्रीमचं नवं पाकीट उघडलं की आधी चमचाभर क्रीम आणि चमचाभर व्होडका एकत्र करून दोन मिनिटं ठेवते. आपली व्होडका ४० टक्क्यांची, म्हणजे ही परीक्षा डेअरीच्या परीक्षेपेक्षा मऊ आहे. पण जे क्रीम यातही नापास होतं ते पेयात हमखास फाटतं. तुम्हीही करून बघा. आठ पेले वाया घालवण्यापेक्षा एक चमचा बरा.

आता तुमच्या पेयाबद्दल. कॉफी करून पूर्ण गार करा, नुसती कोमट नको, फ्रिजमध्ये ठेवून थंड. शक्य असेल तर गडद भाजलेली कॉफी घ्या, हलक्या भाजणीच्या कॉफीत आंबटपणा जास्त असतो. क्रीम ३५ टक्क्यांचं आणि थेट फ्रिजमधून काढलेलं. मोसंबी-संत्र्याचा रस किंवा लिंबाचा थेंबही या पेयाच्या आसपास येऊ देऊ नका. वरून संत्र्याची साल किसायला हरकत नाही, तिच्यात तेल असतं, आम्ल नाही. फक्त सालीबरोबर रस पडू देऊ नका.

आणि एक : फाटलेलं पेय गाळून, ढवळून, मिक्सरमध्ये फिरवून सुधारत नाही. क्रीम ताजं असेल तर त्यानं अपाय होणार नाही, पण तोंडात रवा लागतो. तो पेला बाजूला ठेवा आणि नवा करा.

घरी दूध तापवून काढलेली साय वापरली तर चालेल का?

मनापासून सांगते, मला साय फार आवडते, पण या पेयात ती घालू नका. तापवलेल्या दुधावरची साय म्हणजे नुसतं फॅट नव्हे. उष्णतेनं आवळलेली प्रथिनं आणि त्यात अडकलेलं फॅट असा तो पदर असतो. कितीही घुसळलं तरी त्याचे तुकडे राहतात, आणि जास्त घुसळलं तर लोणी सुटायला लागतं. पेल्यात ते तेलकट ठिपक्यांसारखं वर येतं. क्रीम हे कच्च्या दुधातून फिरकीच्या यंत्रानं वेगळं काढलेलं असतं, म्हणून ते एकजीव राहतं. साय दुसऱ्या कशाला तरी ठेवा.

मला गोड आवडत नाही, म्हणून मी व्होडका ५० मिली आणि लिकर फक्त १० मिली घेतलं. क्रीम वर राहण्याऐवजी सरळ खाली जातं आणि सगळं गढूळ होतं. चमच्याच्या पाठीवरून सोडूनही तेच. हात सावकाश चालवायला शिकायला हवं का?

तुमचा हात चांगला आहे. तुमचं माप क्रीमला वर राहू देत नाही. हा प्रश्न मला या महिन्यात सगळ्यात जास्त आवडला, कारण याचं उत्तर वजनकाट्यावर मिळतं.

१०० मिली पाणी १०० ग्रॅम भरतं. १०० मिली व्होडका जेमतेम ९५ ग्रॅम, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं. दाट क्रीम १०० मिलीला साधारण ९९ ग्रॅम. म्हणजे क्रीम व्होडकापेक्षा जड आहे! नुसत्या व्होडकावर क्रीम सोडलं तर ते बुडणारच. त्याला वर उचलून धरते ती लिकरमधली साखर. कॉफी लिकर १०० मिलीला ११० ते ११५ ग्रॅमपर्यंत भरतं.

तुमच्या मापात ५० मिली व्होडकाचे साडेसत्तेचाळीस ग्रॅम आणि १० मिली लिकरचे अकरा-साडेअकरा. एकूण ६० मिलीला ५९ ग्रॅमसुद्धा होत नाहीत. हे मिश्रण क्रीमपेक्षा हलकं. माझ्या मापात ७० मिलीला जवळजवळ ७२ ग्रॅम होतात, म्हणून क्रीम आरामात वर बसतं. या दोन्हींच्या मधला, ५० ला २० असा प्रमाणही पुष्कळ ठिकाणी वापरतात. तिथे दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत येतात, आणि तेव्हा मात्र हाताची सफाई लागते.

गोडवा नको असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, लिकर ३० मिलीच ठेवा आणि त्यातली साखर कापणारा कडवटपणा आणा : १५ मिली कडक थंड कॉफी घाला. ती पाण्याइतकीच जड, त्यामुळे क्रीमला त्रास नाही. दुसरा, क्रीम हलकं करा. झाकणाच्या बाटलीत थंड क्रीम अर्धी बाटली भरून वीस-पंचवीस सेकंद जोरात हलवा. त्यात हवा शिरते. चमचा उलटा केला तर ते पटकन पडू नये, पण सावकाश ओघळावं, इतपतच. त्याचे उभे डोंगर व्हायला लागले तर तुम्ही पुढे गेलात.

हवेचा हा उपाय जुना आहे आणि त्याच्यामागे एक खरी गोष्ट आहे. आयर्लंडमधल्या फॉइन्स इथे १९४० च्या दशकात विमानप्रवाशांसाठी ‘जो शेरिडन’ नावाच्या शेफनं व्हिस्की घातलेली गरम कॉफी दिली, वर क्रीमचा थर देऊन. हीच आयरिश कॉफी. १९५२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्युएना व्हिस्टा कॅफेचे मालक जॅक कोपलर आणि पत्रकार स्टॅन्टन डेलाप्लेन तीच कॉफी तिथे करायला बसले, आणि त्यांचं क्रीम सारखं बुडायचं. शेवटी उत्तर सापडलं ते दुधाच्या धंद्यातल्या माणसाकडून : क्रीम ४८ तास मुरवायचं आणि मग ठरावीक दाटपणापर्यंत फेसायचं. मी बारमध्ये क्रीम नेहमी आदल्या दिवशी आणून अगदी थंड ठेवायची. थंडीत फॅटचे कण घट्ट होतात आणि हवा धरून ठेवतात. बाटलीही थंड हवी, आणि ग्लासही.

त्या गरम आयरिश कॉफीत क्रीम फाटत नाही, मग आमच्या गरम कॉफीत का फाटतं?

कारण तिथे क्रीम आत जातच नाही. ते दाट असतं, थोडं फेसलेलं असतं, आणि गोड कॉफीवर टोपीसारखं बसतं. कॉफी त्या थंड थरातून ओढून प्यायची असते, ढवळायची नसते. ज्यांनी पेला हातात आल्याबरोबर चमचा मागितला, त्यांना मी नेहमी विनंती करायची की आधी तीन घोट तसेच घ्या.

बाजारातलं कॉफी लिकर न घेता घरी करता येतं का? मला नेमकी मापं हवीत. 'चवीनुसार' असं लिहू नका.

करता येतं आणि फार चांगलं होतं. मापं देते.

जाडसर दळलेली गडद कॉफी ६० ग्रॅम, गार पाणी ४०० मिली. काचेच्या बरणीत एकत्र करून झाकून फ्रिजमध्ये १४ तास. मग गाळणीवर स्वच्छ सुती कापड टाकून गाळा. कापड पिळू नका, पिळलं की गाळाची पूड खाली उतरते आणि कडूपणाही. कॉफी स्वतःच्या दुप्पट पाणी धरून ठेवते, त्यामुळे हातात २८० मिलीच्या आसपास येईल. त्यातलं २५० मिली घ्या.

साखर २५० ग्रॅम. ती या कॉफीत घालून अगदी मंद आचेवर, फक्त विरघळेपर्यंत. उकळी येऊ देऊ नका, नाहीतर चौदा तासांची सगळी मेहनत वाफेबरोबर जाईल. गॅस बंद करा. व्हॅनिलाची एक शेंग उभी चिरून आत टाका, आणि चिमूटभर मीठ.

आता थांबा. पूर्ण गार होऊ द्या. ही सूचना मी चवीसाठी देत नाही. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं आणि त्याची वाफ पेट घेते. गरम पातेल्यात, पेटलेल्या शेगडीशेजारी व्होडका ओतणं धोक्याचं आहे. मला हे ठळकपणे सांगायचं आहे, कारण दोन पत्रांत लोकांनी तसं केल्याचं लिहिलं आहे. पातेलं शेगडीपासून लांब न्या, गार होऊ द्या आणि मगच २५० मिली व्होडका मिसळा.

बाटलीत भरून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवा, दिवसातून एकदा हलवा, मग शेंग काढून टाका. साधारण ६५० मिली होतं. त्यात शुद्ध अल्कोहोल १०० मिली, म्हणजे लिकर १५ टक्क्यांच्या आसपास. मेक्सिकोतलं काहलुआ, जे १९३६ पासून बनतं आणि ज्याच्यामुळे हा प्रकार जगभर पोचला, ते १६ ते २० टक्क्यांत मिळतं आणि त्याचा पाया रमचा असतो. तुम्हालाही व्होडकाऐवजी रम घेता येईल. मग उसाची एक गोल चव मागून येते. मला रमचंच आवडतं.

घाई असेल तर २५० मिली गरम पाण्यात २० ग्रॅम झटपट कॉफी विरघळवा आणि तिथून पुढे तसंच करा. सुगंध कमी येतो, पण पेय फसत नाही. चिकोरी मिसळलेली पूड मात्र नको. चिकोरीचा दाटपणा गरम दुधात छान लागतो, साखरेच्या पाकात ती काकवीसारखी जड होते आणि कॉफी दबून जाते.

फ्रिजमध्ये हे दोन महिने चांगलं राहतं.

आयरिश क्रीमही घरी करून बाटलीत भरून ठेवावं म्हणते. विकतचं तर उघडल्यावरही कितीतरी दिवस टिकतं.

टिकतं, खरं आहे. बेलीज नावाचं आयरिश क्रीम, म्हणजे व्हिस्की आणि क्रीमचं गोड लिकर, १९७४ मध्ये बाजारात आलं आणि क्रीम व व्हिस्की बाटलीत एकत्र टिकवण्याचं कोडं त्या मंडळींनी यंत्रानं सोडवलं. क्रीममधले फॅटचे कण प्रचंड दाबाखाली इतके बारीक केले जातात की ते पुन्हा एकत्र येऊन वर तरंगत नाहीत. त्यात १७ टक्के अल्कोहोल आणि भरपूर साखर. म्हणून ते तयार झाल्यापासून दोन वर्षं राहतं, असं ते लिहून देतात.

तुमचा मिक्सर कितीही चांगला असला तरी तो ते काम करू शकत नाही. घरी केलेलं आयरिश क्रीम फ्रिजमध्येच ठेवा, बाटलीवर तारीख लिहा आणि आठवड्याभरात संपवा. दारू घातली आहे म्हणजे खराब होणार नाही, या भरवशावर बाहेर ठेवू नका. भेट म्हणून कुणाला द्यायचं असेल तर क्रीम न घातलेलं लिकर द्या, आणि क्रीम त्यांना आयत्या वेळी घालू द्या.

शेकरमध्ये हलवायचं की ग्लासातच करायचं?

थर हवा असेल तर ग्लासात. सगळं एकजीव आणि मखमली हवं असेल तर शेकरमध्ये, पण दहा-बारा सेकंदच. त्यापुढे बर्फ वितळून पाणी वाढतं. शेकर नसेल तर घट्ट झाकणाची काचेची बरणी तेच काम करते. बर्फ मोठा घ्या : तेवढ्याच वजनाच्या लहान खड्यांचा पृष्ठभाग जास्त, म्हणून ते लवकर विरघळतात आणि पेय पातळ होतं.

या पेयाच्या नावात रशिया कुठून आला?

व्होडकामुळे. बाकी रशियाशी काही नातं नाही. १९४९ मध्ये ब्रुसेल्सच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये गुस्ताव टॉप्स या बारमननं लक्झेंबर्गमधल्या अमेरिकेच्या राजदूत पर्ल मेस्टा यांच्यासाठी व्होडका आणि कॉफी लिकर एकत्र केलं. ते झालं ब्लॅक रशियन. त्यावर क्रीम चढलं की व्हाइट रशियन. हे दुसरं नाव १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वर्तमानपत्रात छापलेलं सापडतं. म्हणजे क्रीम यायला पंधरा-सोळा वर्षं लागली. व्होडका, कॉफी लिकर आणि आयरिश क्रीम असं तिन्ही घातलं तर त्याला मडस्लाइड म्हणतात. ते आणखी गोड होतं. जेवणानंतर एक ग्लास चार जणांत वाटून घ्यावं असं.

आमच्याकडे माझी बहीण दारू घेत नाही. तिच्यासाठी असंच दिसणारं, असंच लागणारं काही करता येईल का? नुसती कोल्ड कॉफी देऊन तिची बोळवण करायची नाही.

तुमचं शेवटचं वाक्य वाचून फार बरं वाटलं. काउंटरमागे असताना मी पाहिलंय, जो पीत नाही त्याच्या हातात जे आहे ते टेकवलं जातं. त्याच्यासाठीही तेवढाच विचार व्हायला हवा.

दारू काढली की तीन गोष्टी कमी होतात : घशाला जाणवणारी ऊब, कडवट कडा, आणि अंग. त्या वेगळ्या वाटेनं आणायच्या. वर सांगितलेली थंड पाण्यात मुरवलेली कॉफी ६० मिली घ्या. साखरेचा दाट पाक २० मिली : दोन भाग साखर, एक भाग पाणी. एक सपाट चमचा गोड न केलेली कोको पूड त्या पाकात गरम असतानाच घोटून घ्या, ती कडवट कडा देते. मिठाची कणी. उबेसाठी पाकात आल्याच्या दोन चकत्या पाच मिनिटं मुरवून काढून टाका, आल्याची चव नको, नुसती झणक हवी. हे सगळं थंड करून बर्फावर ओता आणि वरून तसंच हलवून घेतलेलं क्रीम ३० मिली. इथे दारू नाही, साखर भरपूर आहे, त्यामुळे क्रीम सुरेख वर बसतं. खरं तर या ग्लासातला थर आपल्या ग्लासापेक्षा देखणा दिसतो.

एक काळजी घ्या. व्हॅनिला अर्क म्हणून जी बाटली मिळते त्यात पुष्कळदा अल्कोहोल असतं, काही ठिकाणी तर किमान ३५ टक्के असावं असाच नियम आहे. थेंबभरानं काही होत नसलं तरी ज्यांनी दारू वर्ज्य केली आहे त्यांना ते न सांगता देऊ नये. शेंग वापरा, किंवा बाटलीवरचा मजकूर वाचून घ्या. आणि दोघींचे ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा, अंधारात अदलाबदल होऊ नये.

दूध अजिबात चालत नसेल तर?

नारळाच्या दुधाचा डबा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि वर जमलेला घट्ट थर वापरा. ओट किंवा बदामाच्या दुधात फॅट कमी, ते वर बसत नाही. ते वापरायचं तर थर विसरा आणि शेकरमध्ये हलवा. नारळाची चव मात्र लपत नाही, ती आवडायला हवी.

कॉफी असते म्हणून हे कॉकटेल चढत नाही असं ऐकलं. घरी परतताना गाडी चालवायला हरकत नाही ना?

हरकत आहे. हे उत्तर कृपया घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

कॉफी झोप घालवते, दारूचा अंमल घालवत नाही. रक्तात जेवढं अल्कोहोल आहे ते यकृत आपल्या गतीनंच उतरवतं, कॉफीनं तो वेग वाढत नाही. होतं काय, की माणूस जागा असतो म्हणून त्याला आपण ठीक आहोत असं वाटतं, आणि हात-डोळे ठीक नसतात. याच कारणानं २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं कॅफीन मिसळलेल्या मद्यपेयांच्या चार उत्पादकांना ताकीद दिली होती.

आणि माप बघा. माझ्या मापातल्या एका ग्लासात ४० मिली व्होडकाचं १६ मिली आणि घरच्या लिकरचं साडेचार मिली, असं साडेवीस मिली शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम. पाच टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्ये ते साडेसोळा मिली असतं. म्हणजे हा छोटासा, मलईदार, गोड ग्लास बिअरच्या त्या बाटलीपेक्षा जास्त आहे. साखर आणि क्रीम अल्कोहोलचा तिखटपणा झाकतात. दूध प्यावं तसा तो खाली जातो आणि दुसरा कधी मागितला ते कळत नाही. मी काउंटरवर कुणालाही दोनच्या पुढे हा पेला दिला नाही. काही गिऱ्हाइकं नाराज झाली, मला त्याचं वाईट वाटलं नाही. घरीही मापाचा पेला वापरा, बाटलीतून अंदाजानं ओतू नका. कुणाचं औषध चालू असेल, कुणी गरोदर असेल, कुणी गाडी चालवणार असेल, तर त्यांना वर सांगितलेला बिनदारूचा ग्लास द्या. आणि रात्री उशिरा करणार असाल तर कॅफीन काढलेली कॉफी घ्या, चवीत फारसा फरक पडत नाही.

वर तीन कॉफीचे दाणे ठेवलेलं, पण क्रीम नसलेलं एक पेय पाहिलं. त्यावर दाट फेस होता. तो कशाचा?

ते एस्प्रेसो मार्टिनी. १९८० च्या दशकात लंडनमध्ये डिक ब्रॅडसेल या बारटेंडरनं ते केलं. व्होडका, कॉफी लिकर आणि ताजी एस्प्रेसो, बर्फाबरोबर जोरात हलवून गाळलेली. फेस येतो तो त्या ताज्या एस्प्रेसोचा, दुधाचा नाही. तिच्यात विरघळलेला वायू, तेल आणि घन अंश असतात आणि हलवताना ते हवा पकडतात. तासाभरापूर्वीची एस्प्रेसो घेतली तर फेस लवकर बसतो. या पेयात क्रीम घालून बघू नका, तो फेस दबतो. दाणे तीनच ठेवा, मधोमध, टोकं एकमेकांना लावून. फेस चांगला जमला असेल तर ते शेवटच्या घोटापर्यंत तरंगत राहतात.